कोंबड्यांना काय टाकलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच तक्रार केली. विषय बरा होता म्हणे, पण मागून सतत कसला तरी 'कुक्-कुक्-कुक्कुऽक' आवाज येत होता. बरोबर आहे. तो भाग मी सेलूला, आमच्या घराच्या मागच्या खोलीत रेकॉर्ड केला होता आणि खिडकीखाली आजीच्या कोंबड्या होत्या. (सेलू म्हणजे वर्ध्याचं सेलू, परभणीचं नव्हे. हे आम्हाला जन्मभर सांगत राहावं लागतं.) माईक चांगला असला की कोंबड्यासुद्धा चांगल्या ऐकू येतात.

तर आजचा भाग त्यांच्यावरच. अगदी कोंबड्यांवर नाही, कोंबड्यांपुढे आपण काय टाकतो त्यावर. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर उष्टं-खरकटं काय सांगतोस? थांबा जरा. याच खरकट्यातून एक नोबेल पारितोषिक निघालंय. आणि आमच्या घरी याच्याचपायी एका आठवड्यात तीन कोंबड्या मेल्यात. दोन्ही सांगतो.

आधी आजीची पद्धत. सकाळी खुराडं उघडलं की ती मूठभर ज्वारी अंगणात फेकते. संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पुन्हा एक मूठ. मधल्या वेळात कोंबड्यांचं कोंबड्यांनी बघायचं. उकिरडा उकरा, कुटार उकरा, उधई खा, कोवळं गवत खा. लहानपणी मला वाटायचं, दहा कोंबड्यांना दोन मुठी? आजी कंजूस आहे. खूप उशिरा कळलं की ती मूठ पोटासाठी नव्हतीच. सकाळची मूठ मोजायला आणि संध्याकाळची घरी बोलवायला. ती 'आऽ आऽ, ती-ती-ती' करत दाणा टाकते आणि बोटं न वापरता, नुसत्या नजरेनं मोजते. दाणा म्हणजे हजेरी.

गंमत म्हणजे शास्त्रज्ञ आता जवळपास हेच म्हणतात. २०२२ साली एक मोठा अभ्यास आला. जगभरातल्या कोंबड्यांच्या जुन्या हाडांची वयं नव्यानं तपासली होती. त्यात पाळीव कोंबडीची सगळ्यात जुनी खात्रीची हाडं निघाली थायलंडमधल्या बान नोन वाट या गावची, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. आणि कोंबडी माणसाजवळ का आली, तर दाण्यामुळे. माणूस कोरडवाहू भात आणि बारीक भरडधान्य पिकवायला लागला, धान्य सांडायला लागलं, साठायला लागलं, आणि रानकोंबडी बांबूच्या बेटातून उतरून गावाकडे सरकली. तिला पकडून आणली असंच आपण समजतो. पण ती बहुतेक सांडलेल्या दाण्यामागे स्वतःच आली. म्हणजे आधी आपण दाणा टाकला, मग ती कोंबडी झाली.

आमच्याकडे हा दाणा ज्वारीचा होता. बोर नदीचा हा पट्टा पऱ्हाटीचा आणि ज्वारीचा. आजी सांगते त्या काळात खळं झालं की महिनाभर कोंबड्यांना वेगळं काही टाकावंच लागत नसे. घरात दोन्ही वेळा भाकर. शिळी भाकर उरली तर ती पाण्यात भिजवून, कुस्करून खुराड्यापुढे. तुरीची डाळ घरच्या जात्यावर केली की चुरी निघायची, ती पण तिकडेच. अंड्याची टरफलं मात्र ती अख्खी कधी टाकत नाही, चुरून टाकते. अख्खं टाकलं तर कोंबडीला अंड्याची ओळख पटते आणि ती स्वतःचीच अंडी फोडायला शिकते, असं तिचं म्हणणं. चुरलेलं टरफल म्हणजे चुना, तो पुढच्या अंड्याच्या कवचाला लागतो. हे मी नंतर वाचलं. तिनं काहीही वाचलेलं नाही.

आणि भात? भात सणाला, नाहीतर पाहुण्याला. तांदूळ पिकवणारे जिल्हे आमच्या पूर्वेला, भंडारा-गोंदियाकडे. आमच्या कोंबड्यांनी भाताचं शित क्वचितच पाहिलं असेल.

आता इथून एकदम जावा बेटावर जाऊ. कारण भाताचं शित खाणाऱ्या कोंबड्यांची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट तिथली आहे.

साल १८८९. बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता. डचांचं राज्य. सैनिक, कैदी, मजूर एका विचित्र रोगानं मरतायत. पाय लुळे पडतात, हृदय थकतं. नाव बेरीबेरी. त्या काळात प्रत्येक रोगामागे जंतू शोधायची लाट होती, म्हणून ख्रिस्तियान आइकमान नावाचा डच डॉक्टर तिथल्या लष्करी दवाखान्याच्या आवारात छोट्याशा प्रयोगशाळेत जंतूच शोधत बसला होता. प्रयोगाला कोंबड्या. कारण कोंबड्या स्वस्त. त्यानं काहींना रोग्यांचं रक्त टोचलं, काहींना काहीच टोचलं नाही. आणि झालं काय, तर सगळ्याच आजारी पडल्या. पाय वाकडे, मान कलती, चालता येईना. न टोचलेल्यासुद्धा. मग काही महिन्यांनी, नोव्हेंबरच्या शेवटी, त्या आपोआप बऱ्या व्हायला लागल्या.

आइकमान चक्रावला. चौकशी केली तेव्हा भानगड स्वयंपाकघरात निघाली. प्रयोगशाळेतला मदतनीस पैसे वाचवायला जूनपासून दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला भात कोंबड्यांना घालत होता. पांढराशुभ्र, पॉलिश केलेल्या तांदळाचा, लष्करी रोग्यांसाठी शिजवलेला. नोव्हेंबरात आचारी बदलला. नव्या आचाऱ्यानं सांगितलं, लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना मिळणार नाही! (मला हा माणूस फार आवडतो. आपल्या कुठल्याही सरकारी कँटीनमध्ये शोभला असता.) झालं, कोंबड्या पुन्हा साध्या, कोंडा न काढलेल्या तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या.

एका हट्टी आचाऱ्यानं वैद्यकाचा इतिहास वळवला असं म्हणायचा मोह होतो, पण तेवढं सोपं नव्हतं. आइकमानला पुढची काही वर्षं वाटत राहिलं की पांढऱ्या भातात काहीतरी विष आहे आणि कोंड्यात त्याचा उतारा. त्याचा ओळखीचा एक अधिकारी, फोर्डरमान, त्यानं जावामधल्या शंभरेक तुरुंगांत कैद्यांना कुठला तांदूळ मिळतो ते तपासलं. पॉलिशचा तांदूळ जिथे, बेरीबेरी तिथे. पण नीट अर्थ लावला तो आइकमाननंतर ते काम पुढे नेणाऱ्या ग्राइन्सनं, १९०१ मध्ये. तो म्हणाला, भातात विष काही नाही, उलट भातातून काहीतरी गेलेलं आहे. असलेल्या गोष्टीनं रोग होतो हे सगळ्यांना पटत होतं. नसलेल्या गोष्टीनं होतो हे नवीन होतं. ती नसलेली गोष्ट म्हणजे आपण आज बी-१ म्हणतो ते जीवनसत्त्व. आइकमानला १९२९ मध्ये नोबेल मिळालं. आचाऱ्याचं नाव कोणाला माहीत नाही. कोंबड्यांचंही नाही.

आता बटाव्हियाहून परत वर्ध्याला. फार लांब नाहीये.

डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं मुख्यालय वर्ध्यात, मगनवाडीला, सेलूहून वीसेक किलोमीटरवर. कारभार जे. सी. कुमारप्पांकडे. या संघानं सुरुवातीला हाती घेतलेल्या गोष्टींत एक होती, गिरणीच्या पॉलिश तांदळाला विरोध आणि हातसडीच्या तांदळाचा आग्रह. गांधीजी 'हरिजन'मधून हा विषय मांडत होते, डॉक्टरांची मतं मागवत होते. जावातल्या कोंबड्यांनी जे दाखवलं होतं ते पंचेचाळीस वर्षांनी मगनवाडीच्या उखळापर्यंत पोचलं, असं मी म्हणेन.

कुमारप्पांचं म्हणणं मात्र नुसतं जीवनसत्त्वाचं नव्हतं, पैशाचंही होतं. गावाचा माल गावात सडला, घाण्यात गाळला, तर त्यातली मजुरी गावात राहते. मला यात आणखी एक गोष्ट दिसते, ती माझी स्वतःची जोड आहे. माल गावात कांडला तर कोंडाही गावात राहतो. घाणा गावात असेल तर ढेपही. आणि कोंडा, चुरी, ढेप गावात राहिली की गाईम्हशी आणि कोंबड्या फुकटात जगतात. गिरणी शहरात गेली की दाणा तर जातोच, त्याच्या मागून कोंबडीचं ताटही जातं.

आश्रमात अंडी खात नव्हते, हे वेगळं सांगायला नको. पण गांधीजींनी १९४२ नंतर आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर जे लिहिलं त्यात ते म्हणतात की कोंबड्याशिवाय दिलेल्या अंड्यातून पिल्लू होऊच शकत नाही, तेव्हा जो दूध पितो त्याला असल्या अंड्याला हरकत नसावी. स्वतः त्यांनी खाल्ली नाहीत. हे वाक्य आमच्या जिल्ह्यात कोणाला ऐकवलं की अर्धे लोक म्हणतात खोटं आहे.

आता माझा नंबर.

२०२०. लॉकडाऊन. मी पुण्याहून सेलूला आलो आणि चार महिने अडकलो. काम लॅपटॉपवर, करमणूक कोंबड्यांवर. आजी ज्वारीची मूठ टाकायची तर मी ताटलीभर भात टाकायचो. कारण भात आता घरात भरपूर असतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनवर तांदूळ तीन रुपये किलो झाला आणि त्या वर्षी तर वर आणखी फुकटचा होता. ज्वारी दुकानातून विकत आणायची आणि तांदूळ थैलीभर येऊन पडणार, मग भाकरीचं काय होणार? आमच्या घरी ती आता आठवड्यातून दोनदा होते. तर मी भात टाकायचो, वर पाकिटातल्या खारवलेल्या चिप्स. कोंबड्या माझ्यामागे पळायच्या, मी व्हिडिओ काढायचो. त्या व्हिडिओंना सोळाशे लाइक आले होते, लपवत नाही.

महिन्याभरात अंडी निम्मी झाली. कोंबड्या जाड, सुस्त, उकिरड्याकडे जायच्याच बंद. आजीनं एक उचलून पोटाखाली दाबून पाहिली आणि मला विचारलं, "काय टाकून राहिला बे तू याईले?" मी म्हटलं, भातच तर. ती म्हणाली, "भातानं पोट भरते. पोट भरलं का कोंबडी उकरत नाही. उकरत नाही तं खाते काय?"

हे इतकं नेमकं आहे की मी नंतर ते वहीत लिहून ठेवलं. भात वाईट नाही, घासभर दिला तर काहीच होत नाही. पण तो इतर सगळ्याची जागा घेतो. किडे, गवत, खडे, माती. आणि मीठ तर कोंबडीला सोसतच नाही. घरच्या अंगणातल्या कोंबडीला वरचं खाणं दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिस्स्याहून जास्त नको, असं आता सगळीकडे सांगतात. आजीच्या दोन मुठींत हा हिशोब आपोआप बसत होता.

मग तो 'प्लास्टिकचा तांदूळ'. तुमच्याही घरच्या ग्रुपवर फिरला असेल. रेशनच्या तांदळात थोडे वेगळेच दिसणारे, जरा पिवळट दाणे यायचे आणि लोक म्हणायचे चीनचं प्लास्टिक. आमच्या शेजारच्या काकू सुपात निवडून ते दाणे बाजूला काढायच्या आणि आमच्या अंगणात आणून टाकायच्या, कोंबड्यांना. आता हे प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून पुन्हा दाण्यासारखे पाडलेले हे दाणे, शंभर किलो तांदळात एक किलो या प्रमाणात मिसळायचे. १५ ऑगस्ट २०२१ ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत रेशनचा सगळा तांदूळ असा झाला. म्हणजे बघा, आधी गिरणीत पॉलिश करून दाण्यातलं सत्त्व काढायचं, मग कारखान्यात थोडं परत घालायचं, आणि मग घरातल्या बाईनं ते निवडून कोंबडीला टाकायचं. काकूंच्या घरच्या सुनेला रक्त कमी म्हणून गोळ्या चालू होत्या त्या दिवसांत. मी काकूंना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळ घेऊन आल्या.

आता त्या तीन कोंबड्या. ही गोष्ट सांगायला मला अजून जड जातं.

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत लांबला होता. मामाकडून भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आलं होतं. ते मी पडवीत ठेवलं, भिंतीला टेकवून, आणि भिंत ओली होती. महिन्याभरानं पोतं सोडलं तर खालच्या शेंगा काळपट, आत हिरवी-पिवळी बुरशी. टाकवेना. आजीनं फोडून निवडल्या. चांगले दाणे कुटाला, चटणीला. सुरकुतलेले, डागाळलेले दाणे एका टोपल्यात. "कोंबड्याईले टाक," ती म्हणाली. मी टाकले. चार दिवस टाकले.

पाचव्या दिवशी एक कोंबडी पंख पाडून बसली. मग दुसरी. आठवड्यात तीन गेल्या, त्यातली एक खुडुक बसलेली. कशानं मेल्या ते कोणी तपासलं नाही. कोंबडीचं कोण तपासतं? पण मी त्या रात्री फोनवर शोधत बसलो आणि पहिल्यांदा 'टर्की एक्स' वाचलं.

१९६०, इंग्लंड. काही महिन्यांत एक लाखाहून जास्त टर्की कोंबड्या मेल्या. जंतू सापडेना, ओळखीचं विष सापडेना, म्हणून रोगाचं नावच 'एक्स'. शेवटी धागा पोचला खाद्यात मिसळलेल्या भुईमुगाच्या ढेपेपर्यंत. ब्राझीलहून आलेली ढेप, त्यात बुरशी, आणि बुरशीचं विष. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावातली अक्षरं घेऊन त्याला अफ्लाटॉक्सिन म्हटलं गेलं. यकृतावर घाव घालतं. भाजून, शिजवून पुरतं जात नाही. आणि पक्ष्यांपुरतं थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाड्यातल्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका लोकांनी खाल्ला. दुसरं खायला नव्हतं. कावीळ होऊन शंभरावर माणसं गेली. घरातल्या कुत्र्यांनाही तोच आजार झाला होता.

हे मी आजीला सकाळी सांगितलं. तिनं सगळं ऐकलं. मग चुलीमागच्या डब्यातले ते निवडलेले, चांगले, कुटासाठी ठेवलेले दाणे बाहेर काढले, राहिलेल्या शेंगांचं पोतं ओढलं आणि मला म्हणाली, खड्डा कर. कोंबडीलाही नको, गाईलाही नको. त्या चांगल्या दाण्यांचा कूट आम्ही आठवडाभर खात होतो, हे दोघांच्याही डोक्यात होतं. बोललो नाही.

आपल्याला न चालणारं कोंबडीला चालतं, हा समज आमच्या घरातून त्या दिवशी गेला. ब्रिटनमध्ये तर आज कायद्यानंच घरच्या स्वयंपाकघरातलं उरलेलं कोंबड्यांना घालता येत नाही, अंगणातल्या दोन कोंबड्यांनासुद्धा. तिथे गुरांच्या साथींचा धसका आहे. त्याच ब्रिटननं दुसऱ्या महायुद्धात उलटं केलं होतं. रेशनची अंडी सोडा, बदल्यात कोंबड्यांसाठी थोडं खाद्य घ्या आणि त्यात घरचं खरकटं मिसळून त्यांना जगवा. खरकटं तेच, गरज वेगळी.

राहता राहिलं सोयाबीन. गेल्या तीसेक वर्षांत आमच्याकडची ज्वारी गेली आणि सोयाबीन आलं. कारणं सगळ्यांना पाठ आहेत. रानडुकरं, कापणीला माणूस नाही, भाव नाही, घरात खाणारं नाही. पण कोंबडीच्या बाजूनं कोणी बघत नाही. ज्वारीचं कणीस जमिनीवर आपटलं की कोंबडीचं जेवण झालं. कच्चं सोयाबीन मात्र तिला नीट पचत नाही. त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडावा लागतो. म्हणजे अंगणाबाहेर शिवारभर सोयाबीन आणि अंगणातल्या कोंबडीला त्यातला एक दाणा कामाचा नाही. ते सोयाबीन मार्केटात जातं, तिथून कारखान्यात, पाचव्या हिश्शाच्या आसपास तेल निघतं आणि उरलेली पेंड मक्यात मिसळून पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचं खाद्य बनते. मग त्या कोंबडीचं अंडं ट्रेमध्ये बसून आमच्या चौकातल्या दुकानात येतं. आमच्या शिवारातलं सोयाबीन असं फिरून परत येतं, पण आजीच्या अंगणात नाही.

आजीकडे आता सहा कोंबड्या आहेत. ज्वारी ती दुकानातून पाच-पाच किलो विकत आणते, स्वतःच्या पैशानं, अंडी विकून. भाकरीला वेगळी नाही, त्याच डब्यातली. मी हिशोब केला होता, परवडत नाही. तिला सांगितला. ती म्हणाली, "मंग संध्याकाळी याईले बलावू कायनं? भातानं येते का कोंबडी?"

आत्ता सहा वाजून गेलेत आणि मागून आवाज येतोय तो तिचाच. आऽ आऽ, ती-ती-ती. डब्याचं झाकण वाजलं, ऐकलंत? एक, दोन, तीन… चार, पाच.

पाचच आहेत. ती मला हाका मारतेय. पुढच्या भागात भेटू, मी जरा कुटाराच्या खोलीत बघून येतो.